गाडीच्या तोंडावरची चुनरी

नागपूरजवळ, बुटीबोरीच्या रस्त्यावर, एका कडुनिंबाखाली गाड्यांची रांग लागली होती. एप्रिल संपत आला होता आणि डांबर चपलेला चिकटत होतं. सगळ्या गाड्यांची बोनेटं बंद, आणि गाडीवाले खाली उतरून हात जोडून उभे. एसी बिघडला की माणूस गॅरेजात जातो. हे लोक झाडाखाली आले होते. झाडाखाली पाट, आणि पाटावर भगव्या लुंगीतला गारवा महाराज.

"बोनेट मत खोलना!" महाराज ओरडला. त्याची भाषा अर्धी हिंदी, अर्धी आपली. "बोनेट खोललं का माता रुसते! गाडीच्या पोटात अग्नी बसून राहिला अन् तुमचा मेकॅनिक काय करते? गॅस भरते! अबे, अग्नीवर गॅस टाकते का कोणी? विझंल का भडकंल?"

लोक हसले. असं बोलणाऱ्याला आपल्याकडे ज्ञानी म्हणतात.

मग त्यानं ओठ हलवत गाडीच्या पुढच्या जाळीत तांब्यामागून तांब्या तीर्थ मारलं. "बस आत. लाव एसी."

गाडीवाला आत बसला आणि क्षणात काच खाली करून ओरडला, "बर्फ! बर्फासारखी हवा येऊन राहिली!"

जयजयकार झाला. महाराजानं एक लाल चुनरी उलगडली आणि जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली. "हे सोडायची नाही. सोडली तर अग्नी गाडीतून निघंल अन् घरच्या माणसात घुसंल."

मीही त्या रांगेत होतो. माझ्या मेव्हण्याच्या, देवरावच्या, गाडीत माझी भाची पिंकी बसली होती.

पिंकीला घाम येत नाही. जन्मापासून तिच्या अंगात घामाच्या ग्रंथीच नाहीत. तुम्हाआम्हाला उन्हात घाम येतो, तो वाऱ्यावर वाळतो आणि अंग निवतं. पिंकीचं अंग निवतच नाही, तापत जातं. आपला नागपूरचा उन्हाळा तिच्यासाठी सरळसरळ जिवावरचा आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, अंगावर ओला सुती शर्ट ठेवायचा, वारा घ्यायचा आणि उन्हात फिरायचं नाही. देवरावनं जुनी गाडी घेतली ती मिरवायला नाही. सक्करदऱ्याच्या घरातून मनीषनगरच्या शाळेत पोरगी जिवंत पोचावी म्हणून घेतली. सातवीची परीक्षा चालू होती, आणि नेमका तेव्हाच एसी गरम हवा फेकायला लागला.

गॅरेजवाल्यानं खाली वाकूनही न बघता गॅस भरला. उपयोग शून्य. मी म्हटलं, "भाऊजी, दुसऱ्या मेकॅनिककडं एक दिवस गाडी ठेवा."

"एक दिवस ठेवली तर पोरगी पेपरले कशी जाईन गा?" देवराव म्हणाला. "तुम्ही सालेबुवा, तोंडानं गाडी दुरुस्त करता!"

महाराजाकडं उत्तर होतं, तेही लगेच, बोनेट न उघडता. तीर्थ मारल्यावर एसी खरंच थंड झाला. देवराव स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडला.

चार दिवस बरे गेले, मग एसी पुन्हा गरम. पुन्हा कडुनिंब. महाराजानं जुनी चुनरी सोडली, "भार आला होता हिच्यात!" म्हणत बाजूला फेकली, तीर्थ मारलं, गाडी थंड केली आणि नवी, आधीपेक्षा जाड चुनरी बांधली. यावेळी दोनच दिवस टिकलं. माझी बहीण कौशल्या म्हणाली, "माताच परीक्षा पाहून राहिली, दादा."

तिसऱ्या खेपेला पिंकीचा पेपर सुटल्यावर आम्ही निघालो. देवराव गाडी चालवत होता, मी पुढं बसलो होतो. पिंकी मागं, मधल्या जागेत पुढं वाकून, ओल्या शर्टानं, हात एसीच्या झरोक्यासमोर धरून. थंडी कुठून येते हे त्या पोरीइतकं लक्ष देऊन कोणी बघत नाही.

"पप्पा, थंड येऊन राहिलं!" ती एकदम म्हणाली.

बाहेर चुनरीची एक गाठ सुटली होती आणि ती बोनेटवर फडफडत होती. पुढं सिग्नलला गाडी थांबली. फडका खाली आला आणि आतल्या पंख्याच्या ओढीनं जाळीला चपटा चिकटला.

"गेलं. गरम," पिंकी म्हणाली. तिनं आपला ओला शर्ट चिमटीत धरला. मग म्हणाली, "मामा, मी ओल्या शर्टावर रेनकोट घातला तर काय होईन?"

"तापशील ना वं."

"मंग गाडीले काहून रेनकोट घातला? तिलेही घाम येत नाही. तिले वारा लागते."

लोकहो, सगळं विज्ञान एवढंच होतं. एसी थंडी बनवत नाही, तो गाडीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. टाकायची जागा गाडीच्या तोंडाशी, जाळीमागं असते. तिला कंडेन्सर म्हणतात. तिथं वारा पोचला नाही तर उष्णता टाकायची कुठं? आमच्या गाडीचा कंडेन्सर आधी धुळीनं बुजला होता. महाराजाच्या पाण्यानं तो धुतला गेला, निवला, म्हणून एसी चालला. आणि लगेच त्याच तोंडावर त्यानं फडका आवळला. फडक्यात रस्त्याची धूळ भरेपर्यंत थोडा वारा जायचा, मग तोही बंद. म्हणजे गिऱ्हाईक परत येणारच.

कडुनिंबाखाली पोचताच मी चुनरी सोडली. मंत्र नाही, तीर्थ नाही. जरा वेळानं रांगेतल्या माणसांना आत हात घालायला लावला. हवा थंड. चुनरी परत बांधली, हवा गरम. पुन्हा सोडली, पुन्हा थंड.

"अबे, खरंच गा!" एक जण म्हणाला. दुसऱ्यानं आपल्या गाडीची गाठ चाचपली. वाटलं, जिंकलो.

"हे कोणी ओळखलं?" महाराजानं शांतपणे विचारलं.

"मी," म्हणत पिंकी गाडीतून उतरली. "तुम्ही रेनकोट घालून राहिले गाडीले. मलेही घाम येत नाही, म्हणून समजलं."

महाराज पाटावरून उठला आणि त्यानं चक्क तिच्यापुढं लोटांगण घातलं. "घाम नाही! भर उन्हात एक थेंब घाम नाही! अरे, माता आली! कन्येच्या रूपानं माता आली!"

पुढचं मला थांबवता आलं नाही. बाया धावल्या. कुंकू, हळद, पायावर डोकी. एकीनं तिच्या ओल्या शर्टावरून चुनरी गुंडाळली, दुसरीनं दुसरी. चारी बाजूंनी माणसं, वारा बंद. मी ओरडत होतो, "सोडा तिले! मरंल ते!" देवराव, तिचा सख्खा बाप, हात जोडून उभा होता. पिंकीचे डोळे फिरले, तेव्हा लोक म्हणाले, संचार झाला.

मी गर्दीत घुसून तिला उचललं. झाडामागं पोत्यानं झाकलेला ड्रम होता. पोतं ओढलं तर आत बर्फाची लादी तरंगत होती. हेच ते तीर्थ. ते अख्खं तिच्यावर ओतलं, चुनऱ्या फाडून काढल्या, तिच्याही आणि गाडीच्याही, तिला आत झोपवलं, एसी पूर्ण सोडला आणि देवरावला ढकलून स्टिअरिंगवर बसलो, ते थेट दवाखान्यापर्यंत.

पिंकी वाचली. शेवटचे दोन पेपर बुडाले, आणि अजून बोलताना तिला मध्येच शब्द सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत गार केलं म्हणून जगली. लोक म्हणतात, महाराजाच्या तीर्थानं जगली. कौशल्या म्हणते, "महाराज बोलले होते ना दादा? सोडली तर अग्नी घरच्या माणसात घुसंल. तू सोडली अन् घुसला."

मी काय नाही केलं? कंडेन्सर दाखवला, डॉक्टरांना तिच्यासमोर बोलायला लावलं. तिनं सगळं ऐकलं आणि नवी चुनरी आणून गाडीला बांधली. कडुनिंबाखाली आता माझ्या भाचीचा फोटो लागलाय, हार घातलेला. रांग वाढली आहे.

तपासणीला पिंकीला मीच नेतो. गल्लीचा कोपरा येईपर्यंत ती दात आवळून तापत बसते. मग म्हणते, "मामा, सोड." मी उतरून गाठ सोडतो. परतताना त्याच कोपऱ्यावर पुन्हा बांधतो. नाही बांधली तर पोरीला माझ्यासोबत पाठवणार नाहीत. दारात कौशल्या उभी असते. आधी गाठ बघते, मग पोरीचं तोंड.

तुमच्या गाडीचा एसी गार करत नसेल तर खाली उतरा आणि तिच्या तोंडाकडं बघा. कचरा अडकलाय का, पंखा फिरतो का, तुम्हीच काही बांधलंय का. एक मेकॅनिक चुकला तर दुसरा गाठा. देवी मानत असाल तर घरात माना, जाळीवर आवळू नका. माझ्या बहिणीच्या दारापासून त्या कोपऱ्यापर्यंतचा रस्ता मला गार करता आला नाही. तुमच्या दारातली गाठ तुम्ही सोडू शकता. आज सोडा, पोरगं आत बसायच्या आधी.