माझं चाळिसावं पान

मी एक जुनी स्पायरलची पुस्तिका आहे. वाचनालयाच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत संगणकावर कोणती कमांड टाइप केली की काय होतं, ते माझ्यात लिहिलंय.

मित्रांनो, मला घडवणारी प्रोग्रामर भारी काटेकोर! पहिल्याच पानावर तिने नियम घातला. टोकदार कंसातलं < > नाव द्यायलाच हवं. चौकटी कंसातलं [ ] दिलं नाही तरी चालेल, मग कमांड फक्त कच्च्या, म्हणजे तात्पुरत्या ध्वनिमुद्रणांच्या फोल्डरवर चालेल. एकोणचाळीस पानं तिने हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळला. खोली सांभाळणाऱ्या मावशींना तर मी तोंडपाठ होते. म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून त्यांनी अकरा वर्षांत नऊशे आवाज जमवले होते. माझ्यावर डोळे मिटून विसंबावं, असं त्या येईल त्याला सांगायच्या. मी आपली अभिमानाने फुगायचे!

पुढे प्रोग्रामर नोकरी सोडून गेली. तिच्या जागी आलेल्या दादाने माझ्यात एकच पान वाढवलं, पुसण्याच्या कमांडचं. त्याच्या आधीच्या ऑफिसात चौकटी कंस म्हणजे 'इथे नाव भरा'. तशीच सवय. पहिलं पान उघडायचे कष्ट कोण घेतो? फोल्डरचं नाव त्याने चौकटी कंसात टाकलं.

एका दुपारी मावशींना कच्चा फोल्डर रिकामा करायचा होता. त्यांनी चाळिसावं पान काढलं, चौकटी कंस पाहिला आणि निर्धास्तपणे नाव न देता कमांड चालवली. पण दादाची ही कमांड नाव दिलं नाही तर सगळंच पुसायची. सगळे फोल्डर गेले, नऊशे आवाजांसकट. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

दादा धावत आला. "मावशी, नाव का नाही टाकलंत?"

"कंस चौकटी होता ना रे."

"कंसाचं काय एवढं? कुठलाही टाकला तरी एकच की."



त्याच आठवड्यात एक मुलगी आली. तिचे आजोबा नुकतेच गेले होते, त्यांचा आवाज एकदा ऐकायचा होता. मावशींनी यादीवर बोट फिरवलं.

"नाव आहे गं त्यांचं," त्या म्हणाल्या. "नावच आहे फक्त."

मावशींना आता पुस्तकांच्या कपाटांकडे नेमलंय. मी जिथल्या तिथेच आहे, चाळिसाव्या पानासकट. ते दुरुस्त करायला कुणाला वेळ नाही आणि मला स्वतःवर काट मारता येत नाही. मित्रांनो, दुसऱ्याच्या वहीत भर घालाल तेव्हा आधी तिचं पहिलं पान वाचा. माझ्या बाबतीत तेवढंही झालं नाही. म्हणून सांगते, मी हाती आलेच, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका.