सहाव्या अंड्याचा संशय

इन्शिराह रोज पहाटेच्या नमाजानंतर मागच्या अंगणात पाटावर बसे, एकेक कोंबडी मांडीवर घेई आणि शेपटाखाली बोट लावून बघे: अंडं आज येणार की उद्या. गल्लीतल्या सगळ्याच बायका बघत, पण इन्शिराहने सहा म्हटलं की सहा.

गेले दहा दिवस मात्र सहाची पाच होत होती.

आधी तिने मुंगसावर ठपका ठेवला. पण मुंगूस टरफलं टाकून जातं. मग उम्म फतही. ही शेजारीण भिंतीवरून "काय गं तुकतुकीत झाल्यात!" म्हणाली होती आणि नजर लागू नये म्हणून पुढे म्हणायचं माशाअल्ला गिळून टाकलं होतं. पण नजर लागली तर अंडं पोटात अडेल, घरट्यातून कसं उडेल? उरली सून, रशा.

सुनेवर संशयाला कारणही होतं. रजबच्या महिन्यात इन्शिराह अंगणात अंडी काढायला वाकताना चक्कर येऊन पडली, तेव्हा तिच्या मुलाने, शौकीने, गल्लीला ऐकू जाईल अशी शपथ घेतली होती: "अम्माला परत चक्कर आली आणि त्याच दिवशी मी एकूणएक कोंबडी कापली नाही, तर रशाला तलाक!"

चक्कर काय, त्यानंतर वीसदा आली. वाकलं की अंगण होडीसारखं हेलकावे खाई. इन्शिराह भिंत धरून उभी राही आणि कोणी दिसलंच तर भिंतीचा चुना तपासल्यासारखं करी. नवरा गेल्यापासून त्या अकरा कोंबड्या, एवढंच काय ते तिचं स्वतःचं म्हणून उरलं होतं. आणि सून तर टपूनच बसलेली! अंडी घटवायची, सासूचा तोल जाताना बघायचं आणि नवऱ्याच्या कानात सांगून कोंबड्या कापायला लावायच्या.

शुक्रवारी तिने "उम्म फतहीकडे जाते" असं मोठ्याने सांगितलं आणि मागल्या दाराने येऊन अंगणातल्या रोटीच्या भट्टीआड बसली. थोड्या वेळाने रशा आली. तिने इकडेतिकडे बघितलं, भट्टीखालच्या सगळ्यात खोल घरट्यात हात घातला आणि अंडं ओच्यात टाकलं.

"चोरटे!" म्हणत इन्शिराह ताडकन उठली. उठली मात्र, भट्टी फिरली, खुराडं फिरलं, सूनही फिरली. रशाने ओचा सोडला आणि सासूला धरून पाटावर बसवलं.

"ओरडू नका, काकी," रशा म्हणाली. सासूला ती काकीच म्हणे. "ते आत दाढी करतायत."

"जा, सांग त्याला! याचीच वाट बघत होतीस ना?"

"मला सांगायचंच असतं तर केव्हाच सांगितलं नसतं? चुना तपासता रोज, मला डोळे नाहीत?"

"मग अंडं का चोरतेस?"

"त्या घरट्यापाशी वाकलात की तुम्हाला चक्कर येते. म्हणून मीच आधी काढते."

"माझ्यावर एवढी माया?"

"माया कसली! तुमचा मुलगा ईदला बकऱ्याकडे पाठ करून उभा राहतो. तो अकरा कोंबड्या कापेल? नाही कापणार. मग शपथ कोणावर फिरेल? मी दोन लेकरं घेऊन माहेरी जाऊ?"

मायेने म्हणाली असती तर इन्शिराहने एक अक्षर खरं मानलं नसतं. हे मात्र मनाला पटलं. शौकीची सुरी कांदा सोडून कशावर चालत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत?

तेवढ्यात शौकी साबण लावलेल्या गालांनी दारात आला. "काय आरडाओरडा? अम्मा, डोळे का मिटलेस?"

रशाने एक कोंबडी उचलून सासूच्या मांडीवर ठेवली होती. "गप्प बसा हो! अंडं चाचपतायत. बोलल्याने मोजणी चुकते."

बाप्यांनी या कामात डोकावायचं नसतं. शौकी लाजून आत वळला.

अंगण हळूहळू जागेवर आलं. इन्शिराहने एक डोळा उघडला. "उद्यापासून खालचं घरटं तू काढायचंस. उघडपणे. विचारलं तर म्हणायचं, म्हातारी शिकवतेय."

"बरं, काकी."

"आणि दहा दिवसांची दहा अंडी?"

"तुमच्या मुलाच्या पोटात. तुपात परतून, टोमॅटोत घालून देत होते नाश्त्याला."

इन्शिराहने कोंबडी खाली सोडली आणि सुनेकडे रोखून पाहिलं.

"आणि तूप कोणत्या डब्यातलं?"