नावाची उंची

पहिल्या सीमेवर निरंजनने माझं नाव अर्धवट सांगितलं, त्यामुळे माझी उंची सव्वा फुटाने कमी झाली.

त्या भागात पासपोर्ट बघत नाहीत. जोडप्यातल्या एकाने दुसऱ्याचं नाव घ्यायचं असतं. खिडकीतला अधिकारी अक्षरं मोजून ते लिहून घेतो आणि जेवढं नाव, तेवढं माणूस पलीकडे सोडतो. मी 'निरंजनराव' म्हटलं. राव लावायची काही गरज नव्हती, पण प्रवासाची सुरुवात होती आणि मी खुशीत होते. मानाच्या अक्षराला बोटभरच उंची मिळते, तो दोन बोटं उंच झाला. माझ्या वेळी तो फोनवर फाटकाचा व्हिडिओ घेत होता. मान न वळवता म्हणाला, "हेमांगी."

माझं नाव हेमांगिनी आहे. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा सासूबाईंनी 'नीरजा' ठरवून ठेवलं होतं. मी भर मांडवात नाही म्हटलं. बाकी सगळं माहेरी सोडलं, ही चार अक्षरं तेवढी भांडून बरोबर आणली. निरंजनला हे चांगलं ठाऊक होतं, कारण तेव्हा तोच माझ्या बाजूने बोलला होता. म्हणून तर जास्त लागलं.

तो म्हणाला, एकच अक्षर गेलंय, पुढच्या वेळी नीट सांगतो. मी पँटचे पाय दुमडले आणि सॅक पाठीवर घेतली. ती आता माझ्या पोटऱ्यांवर आपटत होती.

त्या देशात मजाही आली, खोटं कशाला बोलू. एका तळ्याकाठी आम्ही एकाच वाडग्यातून नूडल्स खाल्ल्या. मला भाजू नये म्हणून तो प्रत्येक घासावर फुंकर घालत होता. तेवढ्यावर मी त्याला माफ केलं.

दुसऱ्या सीमेवर त्याचं बसवाल्याशी खिडकीच्या जागेवरून वाजलं होतं. अधिकाऱ्याने विचारलं, तो त्याच तणतणीत "हेमा" म्हणाला आणि मी अडीच फुटांची झाले. सॅक माझ्यापेक्षा उंच झाली. मग त्याने मला खांद्यावर बसवलं आणि डोंगरावरच्या मठापर्यंत नेलं. मी त्याचे केस धरून बसले होते आणि वारा सुटला होता. लग्नानंतर इतकी हसले नव्हते. वर पोचल्यावर त्याने फोन समोर धरून सांगितलं, "मित्रांनो, आज मी चार हजार फूट चढून आलोय." पुढे दहा मिनिटं तो बोलत होता. रस्ता मी शोधला होता, खोली मी ठरवली होती, त्याच्या पायातले मोजेसुद्धा मी धुऊन वाळवलेले होते. त्या दहा मिनिटांत मी कुठेच नव्हते. हसू जिथल्या तिथे विरलं आणि पोटात काहीतरी खुनशी बसलं, ते पुन्हा उठलं नाही.

तिसऱ्या सीमेपर्यंतच्या बसमध्ये मी त्याच्याकडून पाढ्यासारखं नाव म्हणवून घेतलं. तीसदा म्हणाला, एकदाही चुकला नाही. खिडकीशी उभा राहून त्याने "हे" म्हटलं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने फोन उचलला. अधिकाऱ्याने शिक्का मारला.

तिथून पुढे मी त्याच्या सॅकच्या बाटलीच्या खिशात बसून प्रवास केला. बाटली हातात धरावी लागते, अशी त्याची कुरकुर होती.

चौथ्या सीमेवर दोन रांगा होत्या. जोडप्यांची रांग वळणापर्यंत गेली होती. एकट्यांच्या रांगेत तीनच माणसं होती. निरंजनने खिशाकडे मान वाकडी केली.

"आत बस आणि बोलू नकोस," तो म्हणाला. "तसंही आता काय राहिलंय सांगण्यासारखं."

राहिलेलं ते एक अक्षर मी होते. नाव घेतलं गेलं नाही, की त्या माणसातलं पलीकडे काहीच सोडत नाहीत. तो एकट्यांच्या रांगेत शिरला. आमचा नंबर आला, तेव्हा मी खिशातून डोकं बाहेर काढलं आणि खिडकीच्या कठड्यावर उतरले. अधिकाऱ्याने चष्मा वर केला.

"बाई, तुमच्याबरोबर कोण?"

'निरंजन' म्हटलं असतं, तर तो धडधाकट पलीकडे गेला असता. 'नि' म्हटलं असतं, तर माझ्या शेजारच्या खिशात आला असता. पण मला बरोबरी करायची नव्हती. माझी आई वडिलांचं नाव कधी तोंडाने घेत नसे. हे आले, हे जेवले, एवढंच. मी तिला त्यावरून फार चिडवायचे.

"हे," मी म्हटलं.

अधिकाऱ्याने वहीची मागची पानं चाळली. "हे या नावाने एक बाई नोंदलेल्या आहेत. त्या तुम्हीच ना?"

"मीच."

"एका नावावर दोन माणसं सोडता येत नाहीत. म्हणजे हे सामान."

निरंजन हसला. त्याच्या गळ्यात तारेने चिठ्ठी बांधली गेली, तरी हसत होता. दोन शिपायांनी उचलून त्याला वजनकाट्यावर ठेवलं आणि मग तो हसायचा थांबला.

"हेमांगिनी," तो म्हणाला. "सांग ना त्यांना."

चारही अक्षरं होती. कठड्यावरच मी पाच फुटांची झाले. अधिकारी म्हणाला, सामानाचं म्हणणं आम्ही नोंदवत नाही. पण निरंजन थांबेना. हेमांगिनी, ऐक. हेमांगिनी, माझं चुकलं. दर वेळी मी आणखी सव्वा फूट वाढत गेले. त्याच्या डोक्यावरचा भोवरा मला वरून दिसला. सहा वर्षांच्या संसारात तो मी कधी पाहिला नव्हता.

"बरोबर नेणार, की इथे ठेवणार?" अधिकाऱ्याने विचारलं. मागे रांग वाढत होती.

"थांबा जरा," मी म्हटलं. "माझं नाव घेऊन होऊ दे त्याचं."

माझ्या डोक्यावर छपराचा पत्रा एकेका खिळ्यातून सुटत होता.