मास्तरांचे दोन दिवस

माझा नवरा, सुकार्दी, आमच्या गावच्या शाळेत तीस वर्षं मास्तर होता. तरी मूर्ख तो मूर्खच राहिला. आता मी हे चारचौघांत बोलते.

आमच्या मुलीच्या, लारासच्या लग्नाला बारा दिवस उरले होते. नवऱ्याच्या फोनवर अनोळखी नंबरावरून लग्नाचं निमंत्रण आलं. नाव नाही, गाव नाही, नुसती फाइल. आमच्याकडे बोलावलेल्या लग्नाला न जाणं म्हणजे वैरच. कुणाचं चुकायला नको म्हणून साहेबांनी ती उघडली. फोनने विचारलं, ॲप बसवू? मेसेज वाचू? हा दर वेळी ‘हो’ दाबत गेला. निमंत्रणाला तुमचे मेसेज कशाला वाचायला हवेत, एवढं तरी डोकं चालवावं ना!

थोड्याच वेळात फोनवरून आपोआप मेसेज जायला लागले. त्याला ते दिसलं. आणि तो दोन दिवस गप्प बसला. लाज वाटली म्हणे!

त्या दोन दिवसांत तीच फाइल त्याच्या नावाने गावभर गेली. शेजारच्या बू तुकिनाला, म्हणजे तुकिनाबाईला वाटलं, लारासचंच निमंत्रण. तिने उघडलं. बँकेचे कोड चोराने परस्पर वाचले आणि तिच्या मुलीने हाँगकाँगला परक्यांची म्हातारी माणसं सांभाळून चार वर्षं पाठवलेलं सगळं एका दुपारी गेलं.

"फोन बंद करून एका घरी जरी सांगितलं असतंत!" मी ओरडले.

"लोक काय म्हणाले असते?"

"मग आता काय हार घालतायत?"

आमच्याकडे लग्नाचा स्वयंपाक शेजारणी करतात. त्या आल्या नाहीत तर चूल पेटत नाही आणि मुलीची मान कायमची खाली जाते. लारास रडून रडून सुजली होती. मी सुकार्दीला मशिदीत धाडलं. दुपारच्या नमाजानंतर त्याने लाउडस्पीकरवरून सगळं कबूल केलं, दोन दिवसांसकट. एक शब्द जरी गाळला असता तर मी आत शिरले असते.

स्वयंपाकाच्या दिवशी बायका एकेक करून आल्या, आपापल्या सुऱ्या घेऊन. कुणी हसलं नाही. सगळ्यांत शेवटी बू तुकिना आली आणि खाली बसून बटाटे सोलायला लागली.

सुकार्दी तिच्यासाठी चहा घेऊन आला. "बू, मला माफ..."

"लारासला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, मास्तर, म्हणून आले," ती मान वर न करता म्हणाली. "फाइल चोराची होती, कळतं मला. पण ते दोन दिवस तुमचे होते."

तो कप पुढे धरून उभाच राहिला. कुणी तो घेतला नाही. मीसुद्धा नाही.