उजवे बटण

दोन हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज पत्रा घडवणारा जो प्रेस खाली येत नाही, तो त्या सकाळी खाली आला तेव्हा सगळे जिला धाकटी म्हणत त्या शिकाऊ मुलीचा उजवा हात साच्यात होता.

बोटे वाचली नाहीत, असा रुग्णालयातून निरोप आला. कारखान्यात मग दोनच मते उरली. प्रेस झपाटलेला आहे, हे एक; आणि दुसरे बटण उस्तादांनीच दाबले, हे दुसरे, कारण शिकवताना ते तिच्या शेजारीच उभे असत. विजेची दुरुस्ती पाहणाऱ्या बाईला दोन्ही मते सारखीच निरुपयोगी वाटली. मोजून पाहिल्याशिवाय ती कशावरच विश्वास ठेवीत नसे. म्हणून सगळे तिला मीटरबाई म्हणत.

साच्यावरचे रक्त अजून ओले होते. उस्ताद शेजारच्या स्टुलावर बसून होते, कुणी उठवले तरी उठत नव्हते. शाळाशाळांतून फिरून मुलांना कारखान्याची वाट दाखवायचा त्यांना नाद होता. धाकटीला आणि तिच्या वेल्डर भावाला या धंद्यात त्यांनीच आणले होते.

मीटरबाईने प्रेस चालू केला आणि बाजूला उभे राहून एकटे उजवे बटण दाबले. प्रेस हलला नाही. ती डावे दाबणार, इतक्यात दार आपटले.

भाऊ आत आला. त्याच्या हातात लोखंडी नळी होती. पहिला फटका उस्तादांच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मीटरबाईने स्पष्ट ऐकला. दुसऱ्या फटक्याने कानशील फुटले. मग त्याने त्यांची मानगूट धरली.

"माझ्या बहिणीला काय म्हणाला होतास? यंत्र काय खातंय का तुला?"

"म्हणालो होतो." उस्तादांनी रक्त थुंकले. "अजूनही म्हणतो. एका बटणावर हा खाली येत नाही."

"मग ठेव हात आत."

"ठेवतो. आधी मानगूट तर सोड."

आणि त्यांनी खरेच ठेवला, खांदा न मोडलेल्या बाजूचा. भावाने त्यांच्या पाठीत गुडघा रोवला, मनगट नळीने साच्यावर दाबून धरले आणि मोकळा हात डाव्या बटणाकडे नेला.

"ताई, मध्ये पडू नका."

मीटरबाई मध्ये पडली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट ठसठसत होती: उजवे बटण दाबताना त्याचा नेहमीचा 'टक्' असा आवाज झाला नव्हता. दाबायला ते खाली गेलेच नव्हते, कारण ते आधीच दाबलेले होते. तिने वीज तोडणाऱ्या लाल बटणावर अंग झोकून दिले.

भावाने डावे बटण दाबले. काही झाले नाही. त्याने पुन्हा दाबले, मग त्यावर मूठ आपटली.

"बघ," उस्ताद म्हणाले. "सांगत नव्हतो?"

"वीज मी तोडलीये, उस्ताद. नाहीतर पंजा गेला असता तुमचा. हात बाहेर काढा आधी."

भावाने नळी उचलली, उस्तादांनी हात बाहेर काढला. तिने पेचकसाने उजव्या बटणाच्या कडेतून हातमोज्याच्या चामड्याची एक घडी उकरून काढली. बटण टक् करून वर आले. उस्तादांनी ती घडी पाहिली आणि ते खाली बसले. भावाने नळी पुन्हा उगारली. मग त्या म्हाताऱ्याचा चेहरा पाहून कोपऱ्यात भिरकावली.

कारण असे होते. आदल्या दिवशी कामकाज संपताना शाळेच्या मुली कारखाना पाहायला आल्या होत्या. प्रेस चालवता चालवता तयार झालेली पत्र्याची वाटी उंच धरून दाखवायची, तर उजवा हात मोकळा हवा. म्हणून उस्तादांनी उजवे बटण दाबून घडीने अडकवले आणि टाळ्यांच्या गडबडीत ते सोडवायला विसरले. प्रेस जुना, कोणते बटण कधीपासून दाबलेले आहे, हे त्याला कळत नसे. डावा हात सदैव बटणावर टेकलेला ठेव, म्हणजे तो चुकून आत जाणार नाही, असेही धाकटीला उस्तादांनीच शिकवले होते. सकाळचा पहिलाच पत्रा सरळ करायला ती उजवा हात घालून आत वाकली आणि तिचा सगळा भार त्या डाव्या हातावर पडला.