ओव्हाळ बसणार आहेत

रविवारी सकाळी आठ वाजता रामदास ओव्हाळ यांनी मुलीच्या लग्नासाठी समाजमंदिराचा हॉल पक्का केला. तारीख तीन आठवड्यांनंतरची, वेळ साडेदहाची.

"साडेदहा म्हणजे पत्रिकेतले की तुमचे?" चावी ठेवणाऱ्या माणसाने विचारले.

"माझ्याकडे एकच प्रकारचे मिळतात," रामदास म्हणाले आणि पर्वती पायथ्याच्या गल्लीतून चालत घरी आले.

घरात सगळे चहाबरोबर लग्न मांडून बसले होते. निकिता आणि तिचा होणारा नवरा आयुष हिंजवडीतल्या एकाच कंपनीत होते. खर्च दोघांनी निम्मा-निम्मा करायचा आणि कर्ज काढायचे नाही, हे त्यांनी आधीच ठरवले होते. त्यामुळे लॉन्स गेली, डीजे गेला, घोडा गेला, छापील पत्रिका गेली. कोणाला वाईट वाटले नाही. उलट एकेक गोष्ट कापली जाताना हशा होत होता.

"पत्रिका न्हाय?" रामदासांच्या थोरल्या बहिणीने, सोजरबाईंनी विचारले. त्या मुळशीकडच्या गावाहून खास सल्ला द्यायला आल्या होत्या. "मग गावात काय दावू? तुझा मोबाईल फिरवू दारोदार?"

"आत्या, तुमच्यासाठी एक छापून आणते. फक्त एक."

"एकच हाय म्हनल्यावर जरा मोठी छाप."

जेवण बचत गटाच्या बायका करणार होत्या. मसालेभात, वांग्याची भाजी, पुरी, जिलेबी. फुले आयुष पहाटे मार्केट यार्डातून गाडीवर आणणार होता.

"जिलेबी दुसऱ्यांदा मागितली तर मिळणार का?" रामदासांनी विचारले.

"तुम्ही मागू नका, म्हणजे बाकीच्यांना मिळेल," त्यांची बायको शर्मिला म्हणाली. "आणि बोधाचार्य?"

"तो घरचाच आहे," रामदास म्हणाले.

रामदास पुण्याच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. पहाटे व्हॉल्व्ह फिरवायचा, की पेठेत पाणी सुटायचे. नोकरी संपली तशी ती ओळख पुसली गेली. उरली ती बोधाचार्याची. बौद्ध पद्धतीने त्यांनी आसपासच्या तीन वस्त्यांत इतकी लग्ने लावली होती, की रस्त्यात भेटणाऱ्या निम्म्या जोडप्यांना ते तारखेनिशी ओळखत. मान घेत नसत, मानधनही घेत नसत. फक्त उशीर खपवून घेत नसत. एकदा नवरदेव पार्लरमध्ये अडकला, तेव्हा त्यांनी माइकवरून जाहीर केले होते, "नवरदेवाचा मेकअप झाला की नवरीने कळवावं."

या लग्नात मुलांनी त्यांच्याकडून काही घ्यायचेच नाही म्हटले होते. दागिना नाही, कपाट नाही. द्यायला उरला होता तो आवाज, आणि तो ते मनातल्या मनात कधीच देऊन बसले होते.

"पप्पा," निकिता म्हणाली, "तुम्ही नाही लावायचं."

शर्मिलाने कप खाली ठेवला.

"का? माझं काही चुकतं का?"

"चुकत नाही हो. पण लहानपणापासून मी बघतेय, लग्नात माझे पप्पा कुठे असतात. माइकपाशी. वस्तीतल्या प्रत्येक अल्बममध्ये तुम्ही आहात, आणि एकातही मुलीकडचे म्हणून नाही. माझ्या लग्नात तुम्ही बसा. पहिल्या रांगेत, आईशेजारी."

"बसून काय करू?"

"काही नाही. तेच करायचंय."

रामदासांनी चहा संपवला. बशीत सांडलेलाही प्यायले. मग म्हणाले, "बरं." त्या दिवशी ते जेवले कमी.

त्या तारखेला मोकळे असलेले बोधाचार्य एकच निघाले: संभाजी भालेराव, गल्लीपलीकडचे. भालेराव लग्नाला उभे राहिले की त्यांचे भाषण संपेपर्यंत आचारी गॅस बारीक करतात, हे वाक्य रामदासांनीच वस्तीत सोडलेले होते आणि ते भालेरावांपर्यंत पोचलेले होते.

"जय भीम," रामदास दारात उभे राहून म्हणाले. "मुलीचं लग्न लावाल का?"

"जय भीम. गॅसचं काय ठरलंय?"

"बारीक ठेवू."

भालेराव हसले नाहीत. "एक अट आहे, ओव्हाळ. मधे बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतोय?"

लग्नाच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी घरातच तालीम झाली. स्टुलावर नवे मडके काठोकाठ भरून ठेवले. पांढरा दोरा पाण्यात सोडला, एक टोक निकिताच्या हातात, दुसरे आयुषच्या. भालेराव प्रतिज्ञा सांगू लागले. पहिली झाल्यावर त्यांनी श्वास घेतला, तेवढ्यात खुर्चीतून दुसरी सुरू झाली, खणखणीत.

"ओव्हाळ!"

"चुकून."

तिसरीच्या वेळी पुन्हा तेच झाले. आयुषने तर तोपर्यंत खुर्चीकडे तोंड करून म्हणायला सुरुवातही केली होती. सोजरबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "ह्याला दोऱ्यानं खुर्चीला बांधा!"

चौथीच्या वेळी शर्मिलाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. चौथी भालेरावांनीच सांगितली. करायला काही नव्हते, म्हणून ते समोर पाहू लागले. निकिताच्या हातातला दोरा थरथरत होता, आणि मडक्यातल्या पाण्यावर त्याच्या बारीक रेषा उठत होत्या. प्रत्येक लग्नात त्यांनी दोरा पाहिला होता. तुटणार नाही ना, एवढ्यासाठी. शिवाय घड्याळ, गर्दी, पुढची ओळ. दोरा थरथरतोही, हे त्यांना माहीत नव्हते. निकिताने मान वर केली आणि भालेरावांकडे नाही, पहिल्या खुर्चीकडे पाहिले. रामदासांनी मान डोलावली. दोरा हळूहळू स्थिर झाला.

तालीम संपल्यावर भालेराव म्हणाले, "शेवटी शेवटी बरे बसलात." रामदासांनी त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत सोडले.

शनिवारी दुपारी भालेरावांचा आवाज बसला. शुक्रवारी त्यांनी लागोपाठ दोन लग्ने लावली होती, आणि दोन्हीकडे भाषणही केले होते. निरोप आला तेव्हा निकिताच्या हातांवर मेंदी होती.

"आता तुम्हालाच उभं राहावं लागणार," शर्मिला म्हणाली.

"चालेल, पप्पा," निकिता म्हणाली. "खरंच चालेल."

तीन आठवड्यांपूर्वी हे वाक्य ऐकून रामदास दोन वेळा जेवले असते. आता ते उठले, ज्येष्ठमधाचा काढा करून थर्मासमध्ये भरला आणि चपला घातल्या.

भालेराव गळ्याला मफलर गुंडाळून पलंगावर बसले होते. तोंड उघडले, आवाज आला नाही. त्यांनी रामदासांकडे बोट केले, मग हाताने माइक धरल्याची खूण केली.

"नाही," रामदास म्हणाले. "मी बसणार आहे. बोलू नका, प्या. मिठाच्या गुळण्या केल्या का?"

भालेरावांनी मानेनेच हो म्हटले आणि कप तोंडाला लावला. काढा कढत असल्याचे चेहऱ्यावर उमटले.

"उद्या हवं तेवढं बोला," रामदास म्हणाले. "भाषणही करा. जेवण निवलं तर निवू दे."

भालेरावांनी उरलेला काढा एका दमात संपवला.

संध्याकाळी सात वाजता भालेरावांनी घसा साफ करून वंदनेची पहिली ओळ म्हणून पाहिली. पहिला शब्द उमटला, पुढचा घशातच राहिला. रामदासांनी कप पुन्हा भरला.