नाव नसलेलं बटण

"ज्या चौकोनांत दिव्याचे खांब दिसतात ते निवडा," मी पडद्यावरचं वाचून दाखवलं आणि मला हसूच फुटलं. "घ्या! आंधळ्याला विचारतायत, खांब कुठे आहेत!"

"धडकलो की सांगतो म्हणावं," हे म्हणाले. पण हसले नाहीत. खांब मीच निवडले.

ह्यांची दृष्टी कॉलेजात असतानाच गेली. तरी प्रोग्रामर झाले, आणि नावाजलेले झाले. एका ऑफिससाठी घरी बसून दवाखान्यांचे प्रोग्राम लिहायचे. पडद्यावर जे असेल ते संगणक बोलून दाखवायचा आणि ह्यांची बोटं कळांवर चालायची. प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर त्यांनी लग्नाआधीच विकत घेतलं होतं. एकदा घ्यायचं आणि जन्मभर वापरायचं, तेव्हा तशीच रीत होती. शेवटी वरच्या ओळीतली एक कळ दाबून प्रोग्राम चालवून बघायचा, की आवाज म्हणायचा, "चुका शून्य." ते ऐकल्याशिवाय हे चहाला हात लावत नसत. कितीदा गार चहा प्यायले असतील!

आमच्या घरात खुर्ची जागची हलत नाही. पाहुण्यांनी स्टूल जरा सरकवलं तरी मी फाडकन बोलते. लोक मला खाष्ट म्हणतात. म्हणोत बापडे.

मग त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीनं विकणं बंद करून दरमहा वर्गणी सुरू केली. पैशांचं काही नव्हतं, ऑफिस भरायला तयार होतं. पण हे वर्गणीवालं सॉफ्टवेअर दर थोड्या दिवसांनी आपणहून बदलायचं. बटणांवर नुसती चित्रं. आवाज बिचारा म्हणणार तरी काय? "बटण. बटण. नाव नसलेलं बटण." म्हणून हे जुन्यावरच काम करत राहिले.

त्यात साहेबांनी चांगुलपणानं ह्यांना नवा संगणक पाठवला आणि जुना भंगारात गेला. नव्या यंत्रावर जुनं सॉफ्टवेअर सुरू करायला कंपनीची परवानगी लागते, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ती मागायची तर आधी हे खांब.

खांब पार करून फोन लागला.

"सर, जुनी आवृत्ती आता सुरू करता येणार नाही," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "वर्गणी भरा ना, सगळे बदल आपोआप मिळतील."

"आणि बदल नको असतील तर त्याचे किती घ्याल?" ह्यांनी विचारलं.

"तशी योजना नाहीये, सर."

मग हे नवं शिकले. शिकले की ते बदलायचं, हे पुन्हा शिकायचे. एके सकाळी सवयीनं ती वरची कळ दाबली. तिचं काम आदल्याच दिवशी बदललं होतं. अर्धवट प्रोग्राम थेट दवाखान्यात जाऊन पोचला आणि तिथली पेशंटची रांग दुपारपर्यंत खोळंबली.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते प्रेमानं म्हणाले, "चूक तुमची नाहीच हो. पण आता ऑफिसात या, फोनवर बसा. आवाज किती छान आहे तुमचा!"

"पगार तोच आहे गं," हे घरी माझीच समजूत काढत होते.

"जळला मेला पगार!" मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. राग कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

आता हे रोज ऑफिसात जातात आणि दुसऱ्यांचे फोन जोडून देतात. काल संध्याकाळी आले, मी नेहमीच्या जागी चहा ठेवला. ह्यांनी कप उचलला नाही. बोटं टेबलाच्या कडेवर चालली होती, भरभर, मध्येच अडून, पुन्हा मागे येऊन. इतकी वर्षं शेजारी बसून भाज्या निवडल्यात मी, मला सगळं कळत होतं. शेवटी त्यांचं एक बोट जरा पुढे गेलं, टेबलावर टेकलं, आणि हे मान कलती करून ऐकत राहिले.

चहावरची वाफ विरून गेली.

"चुका शून्य," मी म्हणाले.

ह्यांनी कप उचलला.